जिप्सीत मल्टिजेट: आडवं इंजिन उभं बसवताना

फियाटचं मल्टिजेट डिझेल इंजिन कप्पीला टांगून मारुती जिप्सीच्या तोंडात उतरवायला आम्हाला अर्धा दिवस लागला. तेच इंजिन गिअरबॉक्सशी जुळवायला सात आठवडे गेले, आणि वायरिंगला त्याहूनही जास्त. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी हा हिशोब आधी डोक्यात ठेवावा. ‘इंजिन बसेल का?’ हा प्रश्न सगळे विचारतात. त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. काम यशस्वी होणार की गाडी दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून राहणार, हे ठरतं दोन ठिकाणी: इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे भेटतात तिथे, आणि वायरिंगच्या जुडग्यात.

आमची जिप्सी मावळातल्या शेतावर चालते. पावसाळ्यात वरच्या खाचरांपर्यंत रोपं, खत आणि माणसं न्यायची, एवढंच तिचं काम. मारुती जिप्सी भारतात १९८५ साली आली. सुरुवातीला ९७० सीसीचं इंजिन होतं, पुढे जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसीचं जी-१३ आलं. शेवटच्या गाड्यांत ते सुमारे ८० अश्वशक्ती द्यायचं आणि १०३ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), पण तो ४५०० आरपीएमला. चिखलाच्या चढावर ही तक्रारीची जागा आहे. ताकद हवी तर इंजिन ओरडेपर्यंत फिरवावं लागतं आणि तोवर चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करतात. उलट फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल, जे स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टा आणि पुंटोपर्यंत कित्येक गाड्यांत होतं, त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या प्रकारात १९० न्यूटन-मीटर टॉर्क २००० आरपीएमला मिळतो. हे इंजिन पुणे जिल्ह्यात रांजणगावला बनायचं, मारुतीसाठी मानेसरला. त्यामुळे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि मेकॅनिकला ते पाठ आहे.

अडचण एकच, पण मोठी. हे इंजिन पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांसाठी, बॉनेटखाली आडवं बसवण्यासाठी बनलं आहे. जिप्सीत ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवायचं. पुढच्या बहुतेक कटकटी याच एका गोष्टीतून निघतात.

आधी कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पेट्रोलच्या जागी वेगळ्या जातीचं डिझेल इंजिन बसवणं या चौकटीत बसत नाही. अपघात झाला तर विम्याचाही आधार राहणार नाही असं धरूनच चाला.

म्हणून हा लेख खासगी जमिनीवर चालणाऱ्या किंवा ट्रेलरवरून स्पर्धेला नेल्या जाणाऱ्या गाडीसाठी आहे. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांसाठी बनवलेल्या गाड्या ही त्याची सरळ उदाहरणं. रोज रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर जी-१३ उघडून नीट बांधून घ्या, पैसे कमी लागतील आणि झोप चांगली लागेल. स्पर्धेसाठी करत असाल तर त्या वर्गाचे नियम आधी वाचा. काही वर्गांत इंजिन बदलणं चालतच नाही.

इंजिन निवडताना

कागदावरचा टॉर्क पाहून भुलू नका. मल्टिजेट १२४८ सीसीचं आहे. टर्बो दाब धरेपर्यंत, साधारण १८०० आरपीएमच्या खाली, ते जेमतेम सव्वा लिटरचं इंजिन असतं. टर्बो लागला की एकदम ढकलतं, आणि ओल्या शेवाळी दगडावर हा धक्काच चाक सोडवतो. लो गिअरमुळे हे बरंच सुसह्य होतं, पण जुन्या जीपच्या मोठ्या डिझेलसारखं ठोके मोजत चढणं हवं असेल तर हे इंजिन नको. आम्ही ते घेतलं वजनासाठी. सगळ्या जोडकामासह ते १३० किलोच्या आसपास आहे. जी-१३ चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि मल्टिजेटचा बिडाचा, त्यामुळे पुढचं वजन वाढतंच, पण दोन-अडीच लिटरच्या डिझेलइतकं नाही. शिवाय सिलिंडरचा व्यास फक्त ६९.६ मिमी असल्यामुळे ब्लॉक आखूड आहे आणि रेडिएटर आणि इंजिनच्या मध्ये हात घालायला जागा उरते.

दुसरं कुठलं इंजिन मनात असेल तर ते कुठल्या दिशेने फिरतं हे पाहा. बहुतेक इंजिनं पुढून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरतात, पण होंडाची बरीच जुनी इंजिनं उलटी फिरतात. उलट फिरणारं इंजिन जिप्सीच्या गिअरबॉक्सला जोडलं तर पुढचे सगळे गिअर गाडी मागे नेतील.

पूर्ण गाडी घ्या, नुसतं इंजिन नको

कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा कुठल्याही भंगार बाजारात सुटं इंजिन स्वस्तात मिळतं. तो मोह टाळा. शक्य असेल तर ठोकलेली, पण इंजिन चालू असलेली गाडी अख्खी घ्या. कागदपत्रं तपासा, बिल घ्या, आरसीची प्रत आणि इंजिन नंबर जुळवून पाहा. चोरीचा माल गळ्यात पडला तर बाकीच्या सगळ्या मेहनतीला अर्थ राहत नाही.

गाडीतून हे सगळं एकाच वेळी निघालं पाहिजे: ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), इंजिनची आणि डॅशबोर्डची वायरिंग, फ्यूज बॉक्स, चावी आणि इग्निशन स्विच, इममोबिलायझरचा (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारा) डबा, ॲक्सिलरेटर पेडल, क्लच आणि ब्रेकचे स्विच, डिझेल फिल्टर, टाकीतला पंप, इंटरकूलर असेल तर पाइपांसकट, रेडिएटरचे पंखे. ईसीयू, चावी आणि इममोबिलायझर एकमेकांना ओळखतात. एका गाडीचा ईसीयू आणि दुसरीची चावी घेतलीत तर सेल्फ फिरेल, इंजिन चालू होणार नाही.

वायर कापण्याआधी गाडी चालू करून स्कॅनर लावा आणि असलेले दोष लिहून घ्या. मग प्रत्येक कनेक्टरला कापडी चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि फोटो काढा. हे दोन दिवसांचं कंटाळवाणं काम आम्ही एका दिवसात उरकलं आणि त्याची किंमत पुढे दोन आठवड्यांनी मोजली.

अडॅप्टर प्लेट: सगळा जीव इथे आहे

मल्टिजेटच्या मागच्या तोंडावरची बोल्टची भोकं आणि जिप्सीच्या गिअरबॉक्सच्या बेलची (पुढच्या घंटेसारख्या कवचाची) भोकं जुळत नाहीत. मध्ये जाड प्लेट लागते, एका बाजूला इंजिनचा नमुना, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सचा. प्लेट कापणं अवघड नाही. क्रँकचा (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा (इंजिनकडून ताकद घेणाऱ्या दांड्याचा) मध्य एका रेषेत आणणं अवघड आहे.

आमची पहिली प्लेट बोल्टच्या भोकांवरून मापं घेऊन केली होती. बोल्ट व्यवस्थित बसले, गाडी चालली, आणि तीनशे किलोमीटरच्या आत गिअरबॉक्समधून किंकाळीसारखा आवाज येऊ लागला. उघडल्यावर इनपुट शाफ्टचं बेअरिंग निळं पडलेलं दिसलं. चूक आमचीच होती. बोल्ट फक्त आवळून धरतात, जागा ठरवतात त्या डॉवेल पिना, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या खुंट्या. बोल्टच्या भोकात नेहमी थोडी मोकळीक असते.

दुसऱ्यांदा हे असं केलं:

१. इंजिनच्या मागच्या तोंडावरच्या दोन डॉवेलची आणि गिअरबॉक्सच्या दोन डॉवेलची मापं क्रँकच्या आणि शाफ्टच्या मध्यापासून घेतली. त्यासाठी मशीन शॉपमध्ये मोजमाप यंत्र असलेला टर्नर गाठला. पट्टी आणि कंपास इथे उपयोगाचे नाहीत.

२. प्लेट सीएनसीवर कापून दोन्ही नमुन्यांची डॉवेलची भोकं एकाच मांडणीत केली. प्लेट मशीनवरून मध्येच सोडून पुन्हा बांधली तर मध्य हलतो.

३. प्लेट आणि रिकामी बेल इंजिनवर आवळली, डायल गेज (बारीक फरक सुईने दाखवणारं मापक) फ्लायव्हीलवर, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकावरच्या जड चकतीवर, बसवला आणि क्रँक हाताने फिरवत बेलच्या मधल्या भोकाच्या कडेवर सुई चालवली. पूर्ण फेऱ्यात सुई पाव मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. मध्याचा खरा फरक त्याच्या निम्मा असतो. जास्त हलली तर डॉवेल सरकवा, आशेवर सोडू नका.

४. तोच गेज बेलच्या मागच्या सपाट तोंडावरही फिरवला. तोंड तिरकं असेल तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वाकत राहतो.

आणखी एक गोष्ट या जातीच्या इंजिनांत हमखास सुटते. उभ्या गिअरबॉक्समध्ये इनपुट शाफ्टचं पुढचं टोक क्रँकच्या मागच्या खाचेत बेअरिंगवर टेकतं. आडव्या गिअरबॉक्सला बहुधा या आधाराची गरज नसते, त्यामुळे इंजिनच्या क्रँकमध्ये ते बेअरिंग बसवायला तयार जागा नसते. पितळी बुश किंवा बेअरिंगची कपी वेगळी बनवून क्रँकच्या टोकात घट्ट बसवावी लागते. प्लेटच्या जाडीमुळे शाफ्ट मागे सरकतो, म्हणून त्याचं टोक बुशमध्ये पुरेसं शिरतंय का हे बोल्ट आवळण्याआधी मोजा. शाफ्टच्या टोकाला थोडा मळलेला मेण लावून एकदा जोडलं आणि उघडलं की ठसा सगळं सांगतो.

क्लच आणि फ्लायव्हील

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मल्टिजेटची, क्लच प्लेटची मधली दातेरी गाभ्याची जागा जिप्सीची. क्लच प्लेट नव्याने भरून देणाऱ्या कारागिरांकडे हे रिव्हेट करून मिळतं. फ्लायव्हील ड्युअल मास (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं) प्रकारचं असेल तर ते तसंच ठेवायचं की सपाट एकसंध घालायचं हे आधी ठरवा, कारण त्याने प्लेटची जाडी बदलते. रिलीज बेअरिंग विश्रांतीत प्रेशर प्लेटच्या बोटांना हलकंसं सोडून असावं आणि पूर्ण दाबल्यावर क्लच सुटावा, दोन्ही मापं घ्या. सेल्फ मोटर कुठल्या बाजूला येते आणि तिचे दाते रिंगमध्ये किती खोल बसतात, हेही याच टप्प्यावर.

इंजिन टेकवणं

इंजिन आधी गिअरबॉक्सला जोडा, मग लाकडी ठोकळ्यांवर जागा शोधा, आणि सगळ्यात शेवटी फाउंडेशन (इंजिन चासीवर टेकवणारे ब्रॅकेट) बनवा. उलट क्रमाने गेलात तर फाउंडेशन तोडून पुन्हा करावं लागेल.

जागा ठरवताना चार गोष्टी एकमेकींशी भांडतात. मागे फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत): आडव्या इंजिनांत थर्मोस्टॅटचं तोंड आणि व्हॅक्यूम पंप बहुधा गिअरबॉक्सच्या टोकाला असतात, आणि उभं केल्यावर ते नेमके फायरवॉलला भिडतात. बाजूला स्टिअरिंग बॉक्स: टर्बो त्याच्या बाजूला आला तर उष्णतेपासून आडोसा लागतो. पुढे रेडिएटर आणि पंखा. आणि खाली, सगळ्यात दुर्लक्षित, पुढचा ॲक्सल. जिप्सीचा पुढचा ॲक्सल अखंड आहे, पाट्यांवर वर-खाली होतो. गाडी जमिनीवर शांत उभी असताना ऑइल चेंबरला भरपूर जागा दिसते. पण पाटे पूर्ण दाबले की डिफरन्शियलचा गोळा थेट चेंबरवर येतो. म्हणून पाटे उतरवून ॲक्सल जॅकने रबरी ठोकळ्यापर्यंत वर घ्या, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा आणि मग दोन बोटं अंतर उरतंय का पाहा. चेंबर कापून बदलावं लागलं तर ऑइल ओढणाऱ्या नळीचं तोंड तळापासून मूळ अंतरावरच ठेवा आणि आत आडव्या पट्ट्या लावा, नाहीतर उतारावर ऑइल एका टोकाला जाऊन पंप हवा ओढेल. चेंबर बदललं की डिपस्टिकची जुनी खूण खोटी ठरते. मोजून ऑइल भरा आणि नवी खूण करा.

ब्लॉकवर मूळ थ्रेड असलेल्या जागांवरच ब्रॅकेट बांधा. बिडाच्या ब्लॉकवर वेल्डिंग करू नका. चासीवर वेल्ड करताना आधी मोठी पट्टी लावून भार पसरवा. आणि वेल्डिंगच्या वेळी बॅटरी आणि ईसीयू दोन्ही सोडवलेले असू द्या.

पाणी, हवा आणि डिझेल

जंगलात गाडी तासाला पाच किलोमीटरने चालते, समोरून वारा लागत नाही. रेडिएटर कितीही मोठा घेतला तरी खरं काम पंख्याचं. आम्ही ज्या गाडीचं इंजिन आणलं तिचेच विजेचे पंखे ईसीयूच्या ताब्यातच ठेवले आणि हाताने चालू करायचा एक स्विच वेगळा दिला. पाण्याचं सगळ्यात उंच ठिकाण इंजिनपेक्षा वर ठेवा, तिथून हवा निघाली पाहिजे. नाहीतर फायरवॉलकडच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकतो आणि काटा खोटं सांगतो.

डिझेलसाठी जुनी पेट्रोलची टाकी उतरवून आतून धुवा आणि पूर्ण वाळवा. कॉमन रेलचा (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या रचनेचा) पंप डिझेलच्याच चिकटपणावर चालतो, उरलेलं पेट्रोल त्याला घासून टाकतं. पाणी वेगळं काढणारा फिल्टर आणि परतीची नळी दोन्ही लागतात. रेलमधला दाब १००० बारच्याही वर जातो. कुठे गळती दिसली तर इंजिन चालू असताना हाताने चाचपू नका. तो बारीक फवारा कातडीत शिरतो आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच शस्त्रक्रिया लागू शकते.

वायरिंग

हे काम घाईत करणाऱ्यांच्या गाड्या मी अर्धवट उभ्या पाहिल्या आहेत. दोन वाटा आहेत. पहिली: इंजिन ज्या गाडीतून आलं तिची पूर्ण वायरिंग जशीच्या तशी घालायची आणि दिवे-वायपर जिप्सीच्या वायरिंगवर वेगळे चालवायचे. दुसरी: ईसीयूला लागणाऱ्या वायरी निवडून बाकीच्या काढून टाकायच्या. पहिल्यांदाच करत असाल तर पहिली घ्या. वायरी जास्त होतात, पण ईसीयूला अपेक्षित असलेला प्रत्येक सिग्नल जागेवर असतो. चालू झाल्यावर सहा महिन्यांनी हवं तर छाटा.

क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, रेल दाबाचा सेन्सर, पेडल: यातला एक जरी चुकला तर इंजिन चालू होत नाही किंवा पुढे रेटत नाही. ब्रेक आणि क्लचचे स्विच मात्र फसवतात. ते नसतानाही इंजिन चालतं, आणि मग कधीतरी चढावर मध्येच ताकद काढून घेतं. अर्थिंग इंजिन, चासी आणि बॉडी तिघांना जाड वायरीने द्या. ईसीयू फायरवॉलच्या आत, जितका उंच बसेल तितका उंच. पावसात ओढा ओलांडताना याचं महत्त्व कळतं.

जिप्सीत आरपीएमचा काटा असेल तर तो पेट्रोलच्या इग्निशनवर चालणारा, डिझेलला ते नाही. दुसरा काटा लावा. ब्रेकच्या बूस्टरला पूर्वी इंजिनच्या हवेच्या मार्गातून व्हॅक्यूम मिळायचा, डिझेलमध्ये तो मिळत नाही. तो इंजिनवरच्या व्हॅक्यूम पंपातून जाड भिंतीच्या नळीने घ्यावा लागतो. ही नळी जोडायची राहिली तर ब्रेक पेडल दगडासारखं लागेल.

ताकद खाली कशी पोचते

जिप्सीच्या बाबतीत एक सोय आहे. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, लो गिअर यातच असतो) गिअरबॉक्सपासून सुटी आहे, मध्ये आखूड शाफ्ट. गिअरबॉक्स थोडा मागे सरकला तरी फक्त तो शाफ्ट कापून, बॅलन्स करून भागतं. फक्त गिअरबॉक्सचं आणि ट्रान्सफर केसचं तोंड समांतर राहू द्या, नाहीतर जॉइंट थरथरतील.

आता ताण मोजा. पहिला गिअर साधारण ३.६५, ट्रान्सफर लो २.२७, डिफरन्शियल ३.७ धरलं तर एकूण पट ३१ च्या आसपास. जुन्या इंजिनचे १०३ न्यूटन-मीटर चाकांपर्यंत सुमारे ३२०० होतात, नव्याचे १९० सुमारे ५९००. जोडणी तीच, ताण पावणेदोन पटीहून जास्त. पहिलं तुटतं ते बहुधा पुढच्या ॲक्सलमधला जॉइंट, तोही स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर दिला की. मोठे टायर घातले तर आणखी लवकर. त्यामुळे अडकलेल्या गाडीत चाक सरळ करून मगच ॲक्सिलरेटर द्या. ही सवय कुठल्याही महाग सुट्या भागापेक्षा उपयोगी आहे.

याच हिशोबाची चांगली बाजू अशी की ८५० आरपीएमच्या निष्क्रिय वेगावर लो पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने चालते, आणि ईसीयू तो वेग स्वतः धरून ठेवतो. उतारावर पाय पेडलवरून काढून फक्त स्टिअरिंग सांभाळायचं.

पुढचं वजन वाढल्यामुळे पाट्यांत एक पान वाढवावं लागलं.

पहिल्यांदा चालू करताना

इंजेक्टरचे कनेक्टर काढून सेल्फ फिरवा, ऑइलचा दिवा विझू द्या. मग कनेक्टर जोडा, टाकीतला पंप दोन-तीनदा चालवून हवा काढा आणि चालू करा. शेजारी आग विझवायचं नळकांडं ठेवा, आणि हवेच्या तोंडावर दाबून धरायला एक जाड लाकडी फळी. टर्बोतून ऑइल गळून इंजिन आपोआप पळू लागलं तर चावी फिरवून ते थांबणार नाही, हवा बंद केली तरच थांबेल. हात लावू नका, फळीच लावा.

पहिले वीस मिनिटं गाडी हलवू नका. पाणी, ऑइल, डिझेल, एकेक जोड पाहा. शंभर किलोमीटरनंतर फाउंडेशनचे आणि प्लेटचे बोल्ट पुन्हा आवळा. आणि पहिला पावसाळा संपला की गिअरबॉक्सचं ऑइल काढून चुंबकाच्या बोल्टवर काय चिकटलंय ते पाहा. बारीक राखाडी पेस्ट असेल तर झीज नेहमीची. चमकणारे तुकडे असतील तर डायल गेज पुन्हा बाहेर काढायची वेळ आली आहे.